कॅशियरला खोकायची सोय नव्हती

मला लहानपणापासून दमा आहे आणि मी बँकेत कॅशियर आहे. कोरोनाच्या काळात, २०२० च्या मार्चनंतर, या दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळताना नाकी नऊ आले.

बँका अत्यावश्यक सेवेत, त्यामुळे आम्हाला घरी बसायची मुभा नव्हती. एप्रिलमध्ये महिलांच्या जनधन खात्यांत ५०० रुपये जमा झाले. खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्यानुसार दिवस ठरवून दिले होते, तरी बायका सकाळपासून चुन्याने आखलेल्या गोलांत उभ्या. काउंटरच्या आत मी. जुन्या नोटांची धूळ मला बाधतेच, त्यात लोक नोटांवर सॅनिटायझर फवारून आणायला लागले. एकाने तर धुऊन, इस्त्री करून आणल्या! तो उग्र वास नाकात गेला की घसा खवखवायचा आणि आता ढास लागणार हे कळायचं. पण खोकायचं कुठे? फोन लावला तरी रिंगच्या आधी कोरोनाच्या सूचनेच्या कॉलर ट्यूनमधला खोकला ऐकू यायचा, अशा त्या दिवसांत. एकदा उबळ आलीच. रांगेतल्या आजी म्हणाल्या, "बाई, तू घरी जा गं. आम्ही उद्या येतो." रागाने नाही, घाबरून म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. मग मी आतल्या पॅसेजमध्ये जाऊन गुपचूप दम्याचा पंप ओढायचे, श्वास रोखून मनात दहा आकडे मोजायचे, चूळ भरायचे आणि परत खुर्चीत.

"मास्कचा तुला फार त्रास होत असेल ना?" हे सगळे विचारायचे. सुरुवातीला जिना चढताना जीव घुसमटायचा, खरंय. पण मास्कने माझं भलंच केलं. धूळ नाकात नाही, कोणाची सर्दी लागत नाही. त्या थंडीत नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं मशीन, कपाटातून काढावाच लागला नाही.

जीव खाल्ला तो फवारणीने. सोसायटीत जिना, लिफ्ट, गेट, सगळीकडे हायपोक्लोराइट हे जंतुनाशक. गेटवर आलेल्या माणसावरसुद्धा! माणसांवर फवारू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितलं होतं, पण आमच्या सेक्रेटरी काकांना कोण सांगणार? फवारणीच्या दिवशी मी तोंडाला ओली ओढणी बांधून चार मजले उतरायचे. ५ एप्रिलला रात्री नऊ वाजता दिवे लावायला सांगितले होते, तर लोकांनी फटाके उडवले. ती रात्र मी उशांना टेकून बसून काढली.

पुढच्या वर्षी लस आली. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या, सहव्याधी असलेल्यांना मिळणार होती. मी ४७ ची. पण यादीत श्वसनाचे गंभीर आजारच होते: दोन वर्षांत अ‍ॅडमिट झालेला असावा नाहीतर फुप्फुसांची ताकद निम्म्याच्याही खाली गेलेली असावी. म्हणजे माझा दमा यादीत बसण्याइतका वाईट नव्हता, रांगेतल्या बायकांना पळवून लावण्याइतका मात्र होता. १ एप्रिलला ४५ च्या वरच्या सगळ्यांनाच लस खुली झाली, तेव्हा मलाही मिळाली.

त्याच महिन्यात सौम्य कोविडच्या काही रुग्णांसाठी सरकारी उपचारपद्धतीत बुडेसोनाइडचा पंप आला. मी वर्षानुवर्षं घेते तोच. दुकानांतून तो बघता बघता गायब झाला. मेडिकलवाला म्हणाला, "ताई, तुमचा पंप आता सगळ्यांना हवाय. पुढच्या आठवड्यात बघा." आठवडाभर दम धर, असं दम्याला कसं सांगणार? शेवटी साताऱ्याहून भावाने कुरिअरने दोन पाठवले.

आता घरात एक पंप जादा असतोच. मेडिकलवाला हसतो. हसू दे.