तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजूनही संसदेच्याच बाजूने का?

"राज्यशास्त्र शिकवता ना? मग सांगा, अमेरिकेसारखा थेट अध्यक्षच निवडला तर काय बिघडेल?" २०१९च्या त्या पहाटेच्या शपथविधीपासून हा प्रश्न मला लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, कुठेही गाठतो.

बिघडेल, असं मला वाटतं. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत सांगितलं होतं की स्थैर्य आणि जबाबदारी ही दोन्ही सारख्याच मापात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. आपण जबाबदारी निवडली, कारण सरकारला रोज जाब विचारता यायला हवा. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी डिसेंबर २०२४मध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, पुकारला. खासदारांनी तो काही तासांत हाणून पाडला, पण कोर्टाच्या निकालाने ते पदावरून जाईपर्यंत एप्रिल उजाडला. ब्रिटनमध्ये पंतप्रधान लिझ ट्रस सात आठवड्यांत पायउतार झाल्या. मी पुस्तकी बोलते असं म्हणणाऱ्यांनी हा फरक पाहावा.

आंबेडकरांचा हा दाखला मी दादालाही ऐकवायचे. दादा लालबागला राहतो. ऐन तारुण्यापासून पक्षाचा कार्यकर्ता, मतदारांच्या स्लिपा वाटत चाळींचे जिने चढून गुडघे गेले त्याचे. जून २०२२मध्ये आमदार सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला, आणि २९ तारखेच्या रात्री मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. दादा टीव्हीसमोरून हलला नाही. वहिनीने वाढलेलं ताट तसंच पडून, आमटीवर साय धरलेली. समजूत घालायला म्हणून मी म्हटलं, "दादा, बहुमत गेलं की सरकार जाणारच. हीच तर जबाबदारी."

त्याने टीव्ही बंद केला. "कुणाला जबाबदार? मी ज्यांच्या दारात स्लिप दिली त्यांना, की हॉटेलात बसलेल्यांना?" जरा थांबून म्हणाला, "अमेरिकेत खासदाराला खासदारकी सोडल्याशिवाय मंत्री होता येत नाही, हे तूच सांगतेस ना? मग तिथे फुटून कुणाला काय मिळणार?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. अध्यक्षीय पद्धतीची ही बाजू खरोखर भक्कम आहे.

१९९९मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, तेव्हा कॉलेजात मीही 'पद्धतच बदला' म्हणून भांडत होते. त्या मुलीला आज मी सांगेन की नॅशनल कॉन्फरन्सचे खासदार सैफुद्दीन सोझ पक्षादेश झुगारून सरकारविरोधात उभे राहिले, खासदार असाच हवा. ती पक्षांतरबंदी कायद्यावर बोट ठेवेल: १९८५पासून एकट्याने व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडला तर सदस्यत्वावर गदा, आणि पक्षाचे दोन-तृतीयांश जमवले तर दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाची वाट मोकळी. मग रोजचा जाब विचारणार कोण?

मध्यंतरी दादाला जर्मनीचा नियम सांगितला. तिथे संसदेने नवा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, बहुमताने निवडल्याशिवाय जुन्याला काढता येत नाही. १९८२मध्ये हेल्मुट कोल तसेच आले. दादाने नीट ऐकून घेतलं.

"चांगला आहे," म्हणाला. "पण आपल्याकडे बहुमत तर आधीच जमलं होतं. त्या नियमाने काय अडलं असतं?"