दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को: किती किलोमीटर, किती तास

लेक सॅन फ्रान्सिस्कोला राहायला गेली तेव्हापासून अमळनेरात जो भेटेल तो हेच विचारतो. शेजारच्या आजी तर ओट्यावरूनच हाक देतात, "बाई, तठे जावाले कितला टाइम लागस?" दिल्लीहून थेट विमान पंधरा-सोळा तासांत पोचवतं, मी सांगते. पण पुढे कुणी किलोमीटर विचारले की मला खुर्ची ओढून बसावं लागतं. आयुष्यभर भूगोल शिकवलाय, एका आकड्यावर भागवणं माझ्याच्याने होत नाही.

पृथ्वीगोलावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात दोरा ताणून धरा. तो आडवा जातच नाही. थेट उत्तरेला चढतो: तिबेट, सैबेरिया, मग ७५ अक्षांशाच्याही वर आर्क्टिक महासागर, आणि अलास्कावरून खाली. हे झालं सर्वांत कमी अंतर, सुमारे १२,४०० किमी. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट उगाच लांबचा वळसा घेतल्यासारखी दिसते.

विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही, आणि मला खरी गोडी इथेच वाटते. एअर इंडियाची ही सेवा आधी पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ती पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट जवळपास १,४०० किमीने वाढली, १५,३०० किमीच्या घरात गेली, तरी वेळ वाचला! साडेचौदा तासांत विमान पोचलं. कारण जेट वारे. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, कधी ताशी २०० किमीच्याही वर. पूर्वेला निघालेल्या विमानाला ते मागून रेटतात, पश्चिमेला जाणाऱ्याला तोंडावर येतात. मुंबई–लंडनचंही तसंच. जाताना जेवढे तास लागतात, त्यापेक्षा परतताना साधारण तासभर कमी.

आपल्या भुसावळहून नवी दिल्ली सुमारे १,१०० किमी. पंजाब मेलला सतरा-अठरा तास लागतात. म्हणजे अमेरिकेपेक्षा दिल्लीच वेळेने लांब, हे ऐकून आजी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मंग पोर जवयच शे." म्हणजे पोरगी जवळच आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना एक आवर्जून सांगते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यांची नुसती वजाबाकी करू नका. समजा हिवाळ्यात पहाटे चारला दिल्लीहून निघालात आणि सोळा तास उडालात, तर तिथे त्याच तारखेच्या सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा, म्हणजे जिथे तारीख एका दिवसाने बदलते ती रेषा, ओलांडली जाते. हिवाळ्यात ते आपल्या साडेतेरा तास मागे असतात, उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात म्हणून साडेबारा. लेकीला फोन मी सकाळी साडेआठला करते, तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ असते आणि ती कामावरून घरी आलेली असते.