थेरपी डॉगचं सेशन: कुत्र्याकडे कोण बघतंय?

आमचा ब्रुनो फार प्रेमळ आहे हो, कुणाच्या अंगावर जात नाही, त्याला थेरपी डॉग म्हणून, म्हणजे माणसांच्या उपचारात मदत करायला, वृद्धाश्रमात नेलं तर चालेल का? लॅब्रेडॉर पाळणाऱ्या बऱ्याच घरांतून हा प्रश्न येतो. अंगावर न जाणं ही पहिली पायरी झाली. अनोळखी आजोबांनी कान घट्ट धरला, मागून व्हीलचेअर आली आणि तेवढ्यात स्टीलचं ताट फरशीवर आदळलं, तर ब्रुनो काय करतो? दचकला तर हरकत नाही, सगळेच दचकतात. दचकल्यावर तीन-चार सेकंदांत सावरून परत माणसाकडे आला तर पुढे बोलता येतं. टेबलाखाली जाऊन बसला तर विषय तिथेच संपवावा, आणि त्यात ब्रुनोचा काही कमीपणाही नाही.

पण ही परीक्षा पास झालेला ब्रुनोही थेरपी करत नाही. थेरपी करणारा माणूस वेगळा आणि ब्रुनोला सांभाळणारा, म्हणजे हँडलर, वेगळा. दोन्ही कामं एकाच माणसावर टाकली की तो मुलाकडे बघतो, मुलाच्या हाताकडे बघतो, आईच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि कुत्र्याकडे कुणीच बघत नाही. सेशन बिघडतात ती बहुतेक इथेच.

शब्दांचा घोळही निस्तरायला हवा. शाळेत कुत्रा आणला, चाळीस मुलांनी कुरवाळला, फोटो झाले: ही भेट. भेटीत वाईट काही नाही, परीक्षेच्या आठवड्यात कॉलेजात अशा भेटी छान होतात. थेरपी म्हणायला आधी ठरवलेलं उद्दिष्ट लागतं, ते मोजण्याची पद्धत लागते आणि त्या विषयाचं शिक्षण घेतलेला माणूस लागतो. आयएएचएआयओ हा या क्षेत्राचा आंतरराष्ट्रीय महासंघही भेट, शिक्षण आणि थेरपी असे वेगवेगळे कप्पे करतो. आपल्याकडे थेरपी डॉगसाठी सरकारी प्रमाणपत्र नाही. गळ्यातल्या ‘सर्टिफाइड’ कार्डाची किंमत ते देणाऱ्या संस्थेने जेवढी कसून तपासणी केली तेवढीच. म्हणून नोंदणी विचारायची ती माणसाची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी परिषदेची नोंदणी दाखवा म्हणायला लाजू नये. कुत्र्याचा महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा दाखलाही त्याच वेळी बघून घ्यावा.

या सगळ्याची आधुनिक सुरुवात बोरिस लेविन्सन या न्यूयॉर्कच्या बालमानसशास्त्रज्ञाकडे जाते. कुणाशी न बोलणारं एक मूल लेविन्सनच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी खेळायला लागलं, आणि 1961 साली लेविन्सनने ते अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात मांडलं. फीमधला किती वाटा कुत्र्याला देता, असं काहींनी चेष्टेत विचारलं म्हणे. चेष्टा सोडली तर प्रश्न वाईट नाही. कुत्र्याला या कामातून काय मिळतं, हे आजही फार थोडे लोक विचारतात.

आता प्रत्यक्ष काम. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा कमी, असलेली सात वर्षांची मुलगी आहे असं धरू. उजवा हात अंगाशी आखडलेला, खांदा उचलायचा कंटाळा. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं करता यावीत म्हणून हालचाली शिकवणाऱ्या तज्ज्ञाला, तो हात पुढे यायला हवा आहे. कुत्र्याला मुलीच्या उजव्या बाजूला, तिच्या कोपरापासून साधारण वीतभर पुढे, आडवं झोपवायचं. डाव्या बाजूला बसवला तर ती डाव्या हाताने कुरवाळून मोकळी होते आणि अर्धा तास गोड जातो, कामाचा नाही. मऊ दातांच्या ब्रशला रुंद पट्टा लावून तो तळव्यावर बांधायचा, म्हणजे पकड नसली तरी ब्रश सुटत नाही. मानेपासून कमरेपर्यंत एक फटकारा म्हणजे एक आवर्तन. पहिल्या दिवशी पाच झाले तरी पुष्कळ. पुढे कुत्र्याच्या जॅकेटवर वेल्क्रोचे तुकडे लावून ते ओढून काढायला द्यायचे, नंतर बकल. बोटांच्या चिमटीसाठी सुक्या खाण्याचे दाणे वाटीतून उचलायला द्यायचे, पण ते थेट कुत्र्याच्या तोंडाशी न्यायचे नाहीत. लांब दांड्याच्या लाकडी चमच्यात ठेवायचे. आखडलेली बोटं पटकन उघडत नाहीत, आणि कुत्रा कितीही सभ्य असला तरी दाणा बोटांतच अडकला की तो दातांनी शोधतो.

स्पीच थेरपीत एक साधी युक्ती वापरतात. मुलाला ‘बस’ म्हणायचं आहे, पण तोंडातून ‘ब’ किंवा नुसता ‘अ’ निघतो. कुत्र्याला तो शब्द कळणार नाही. हँडलर मुलाच्या मागे, कुत्र्याला दिसेल असा उभा राहतो आणि मुलाने आवाज काढताक्षणी हाताने बसण्याची खूण करतो. कुत्रा बसतो. मुलाच्या दृष्टीने त्याचं बोलणं चाललं. यासाठी कुत्र्याला प्रत्येक आज्ञा हाताच्या खुणेवर पक्की हवी आणि खूण आवाजानंतर एका सेकंदाच्या आत यायला हवी. खूण आधी झाली तर मूल आवाज न काढताच वाट बघायला शिकतं. थेरपिस्ट हळूहळू अपेक्षा वाढवते: आज ‘अ’ वर बसतो, पंधरा दिवसांनी ‘ब’ लागेल. हँडलरने भाबडेपणाने जुन्याच आवाजावर खूण देत राहिलं तर प्रगती तिथेच अडकते. म्हणून सेशनच्या आधी पाच मिनिटं दोघांनी बोलून घ्यायचं, आज कुठल्या आवाजाला उत्तर.

आणि या सगळ्या वेळात हँडलरची नजर कुठे? कुत्र्यावर. खाणं नसताना जीभ नाकावर फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, मान वळवून डोळ्यांचा पांढरा कोपरा दाखवणं, कान मागे, थंड खोलीत धाप, अंग ओलं नसताना सगळं अंग झटकणं. एकेकटी खूण फारसं काही सांगत नाही. मिनिटभरात दोन-तीन दिसल्या तर कुत्रा ‘पुरे’ म्हणतोय. सर्वात फसवी खूण म्हणजे एकदम स्तब्ध होणं. गळ्यात पडलेलं मूल, दगडासारखा शांत कुत्रा, बघणारे म्हणतात बघा किती सोसतो. तोंड मिटलेलं आहे, श्वास वरवरचा आहे, नजर कुठेतरी तिसरीकडे आहे. हे सोसणंच आहे आणि गुरगुरण्याची वाट न बघता इथेच थांबायचं. गुरगुरला तर रागवायचं मात्र नाही. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न सांगता चावतो.

थांबवताना मुलाला ‘तू त्रास दिलास’ असं वाटू द्यायचं नाही. ‘त्याला पाणी प्यायचंय’ एवढं पुरतं. खोलीत कुत्र्याची एक सतरंजी आधीपासून ठेवलेली असते, दाराच्या बाजूला. तिथे कुणी जायचं नाही, हा एकच नियम मुलांना शिकवला तरी अर्धं काम झालं. कुत्रा स्वतः उठून तिथे जायला लागला तर तो हुशार आहे, आळशी नाही.

जागेच्या गोष्टी बारीक असतात, पण घोटाळा त्याच करतात. आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्सवर कुत्रा घसरतो, मागचे पाय फाकतात आणि तो ताठ चालायला लागतो. लोकांना वाटतं घाबरला. मोठी रबरी मॅट अंथरली की तोच कुत्रा बदलतो. डबा खायच्या सुट्टीनंतर लगेच सेशन ठेवू नये, पोळीचे तुकडे आणि शेवेचा वास असताना कुठलाही लॅब्रेडॉर कामाचा नाही. वृद्धाश्रमात किंवा वॉर्डात तर जमिनीवरचं काही उचलायचं नाही ही आज्ञा जिवावरची असते, कारण तिथे खाली पडलेलं असतं ते बिस्किट नसून बीपीची गोळी असू शकते. व्हीलचेअरजवळ जाण्याआधी ब्रेक लावलाय ना, हे हाताने तपासायचं. पलंगावर पुढचे पाय ठेवायचे तर खाली स्वतंत्र चादर, आणि सलाइन किंवा कॅथेटर ज्या बाजूला आहे तिच्या उलट बाजूने. लीश दोन मीटरपेक्षा लांब नको, गुंडाळीवाली तर अजिबात नको.

आजी-आजोबांची त्वचा कागदासारखी पातळ असते, त्यात कित्येकांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतात. म्हणून नखं आदल्या दिवशी कापून कानशीने घासलेली हवीत. नुसती कापलेली नखं उलट जास्त बोचतात. अंघोळ चोवीस तासांच्या आत. रुग्णालयासाठी असलेल्या मार्गदर्शक सूचनांत कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांना मनाई असते, कारण विष्ठेतून आणि लाळेतून साल्मोनेलासारखे जंतू पसरू शकतात. कुत्रा किमान एक वर्षाचा हवा. लोकांचा जीव पिल्लांवर असतो, पण पिल्लू शिकण्याच्या वयात असतं, कामाच्या नाही. प्रत्येक माणसाने हात लावण्याआधी आणि नंतर सॅनिटायझर. हँडलरने बाटली कमरेलाच अडकवावी, टेबलावर ठेवलेली कुणी वापरत नाही.

पावसाळ्यात काम वाढतं. लेप्टोची लस चुकवायची नाही, साचलेल्या पाण्यातून चालवत आणायचं नाही, पंजे पुसून बोटांच्या मध्ये आणि कानांच्या आत गोचीड बघायची. अंगावर रुपयाएवढा गोल, केस गेलेला चट्टा दिसला तर तो नायटा समजून व्हेट सांगेपर्यंत सुट्टी. तो मुलांना सहज लागतो. उन्हाळ्यात सकाळी लवकरचंच सेशन. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवा, ठेववली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. दिवाळीच्या आठवड्यात फटाक्यांनी रात्री झोप न झालेला कुत्रा नेऊच नये.

भीतीचं काय? आपल्या गल्ल्यांतली मुलं कुत्र्याला भितात ती उगाच नाही, आणि ती भीती हसून उडवून लावणारा थेरपिस्ट मला चालत नाही. आधी फोटो, मग व्हिडिओ, मग कुत्रा नसताना त्याचा ब्रश आणि सतरंजी हाताळू द्यायची. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तीन-चार मीटरवर, पाठ करून झोपलेला कुत्रा. तोंडापेक्षा पाठीची भीती कमी असते, म्हणून पहिला स्पर्शही कमरेपाशी. स्वमग्न मुलांना काही वेळा भीती नसते, ओल्या नाकाचा किंवा वासाचा त्रास असतो, तो ओळखता यायला हवा. काही घरांत कुत्र्याची लाळ अंगाला लागणं धर्माने निषिद्ध असतं. संमतीपत्रात हे सरळ विचारावं, ऐनवेळी मुलाला बाजूला बसवायची वेळ येऊ नये.

नखाचा ओरखडा उठलाच, तर रक्त आलं नाही म्हणून झाकायचा नाही. साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचा, पालकांना लगेच कळवायचं, कुत्र्याच्या लशीचा दाखला सोबत द्यायचा आणि रेबीजची लस घ्यायची की नाही ते डॉक्टरांवर सोडायचं. ‘आमच्या कुत्र्याला सगळ्या लशी दिल्यात’ हे वाक्य तिथे उपयोगाचं नाही.

एका मुलामागे वीस-पंचवीस मिनिटं, एका खेपेला एकूण तासभर. त्या तासात प्रत्येक मुलानंतर पाच मिनिटं बाहेर, झाडं हुंगत. शेवटी जॅकेट काढायचं, पाणी द्यायचं आणि घरी नेऊन झोपू द्यायचं. कुत्रा त्या रात्री जेवला नाही किंवा दुसऱ्या दिवशी जॅकेट बघून मागे सरकला तर ते वहीत लिहायचं. वहीत मुलाचे फटकारे आणि शब्द असतात तसाच कुत्र्याचा एक रकाना हवा: स्वतःहून किती वेळा जवळ गेला, किती वेळा सतरंजीवर परतला. तीन-चार आठवड्यांत परतण्याचे आकडे वाढत गेले तर आधी व्हेटकडे, कारण नऊ-दहा वर्षांच्या लॅब्रेडॉरला सांधे दुखायला लागलेले असतात आणि तो ते लंगडून दाखवतोच असं नाही.

मग काम थांबवायचं, पण अचानक नाही. मुलांना तीन सेशन आधी सांगायचं, शेवटच्या दिवशी ब्रश एकेकाने फिरवायचा. नवा कुत्रा येईल त्याला दुसऱ्या रंगाचं जॅकेट घालायचं, जुनं नाही. जुनं घातलं की मुलं त्याला जुन्याच नावाने हाका मारतात आणि तो बिचारा वळूनही बघत नाही.