दुसरा गिटारवाला कुठाय?

शुक्रवारी रात्री काकांचा फोन. "अगं, उद्या संध्याकाळी काय करतेयस? तुझ्या मावशीचा गुडघा धरलाय, ती येत नाही म्हणते, तिकीट वाया जाईल." कसलं तिकीट विचारलं तर रिचर्ड थॉम्प्सन, इंग्लिश गायक आणि गिटारवाला. नाव ऐकून मला एवढंच आठवलं की काकांच्या गाडीत जी रडकी इंग्लिश गाणी लागायची ती ह्याचीच, आणि मी मागच्या सीटवर कानात हेडफोन कोंबून बसायचे. पण काकांना नाही कसं म्हणणार. गेले.

ह्याला आता बरीच वर्षं झाली आणि मध्ये मी त्याला आणखी चारदा बघितलंय, त्यामुळे कुठल्या वेळी काय झालं ह्याची थोडी सरमिसळ झाली असेल तर चालवून घ्या. पण पहिल्या वेळचं एक पक्कं आठवतं. ट्रेन रद्द झाल्यामुळे पोचायला उशीर, हॉलमध्ये अंधार, आम्ही दोघं लोकांचे पाय तुडवत सॉरी सॉरी करत सीटकडे सरकतोय आणि स्टेजवर दोन गिटार वाजतायत. एक खाली घुमतेय, दुसरी तिच्या डोक्यावर नाचतेय. कशीबशी बसले, मान वर केली तर स्टेजवर एकच माणूस. काळी बेरे टोपी, पिकलेली दाढी, गळ्यात अकूस्टिक गिटार, शेजारी स्टुलावर पाणी. बास. मी चक्क विंगेत कुणी बसलंय का ते बघायला वाकले. काका माझ्याकडे न बघताच कुजबुजले, "शोधू नकोस. मी पण शोधला होता."

तर ते कसं होतं ते मला नंतर काकांनी घरी चमच्याने टेबलावर वाजवून समजावलं. बहुतेक गिटारवाले एकतर पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवतात नाहीतर बोटांनी. हा दोन्ही एकदम करतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पिक, त्याने जाड तारा चालू ठेवायच्या, आणि त्याच हाताच्या मधल्या बोटाने नि अनामिकेने बारीक तारांवर धून काढायची. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. आणि ती खालची तार तो फारशी सोडतच नाही, आपल्याकडे मागे तंबोरा चालू असावा तशी ती सतत चालू असते. मला वाटलं ह्याने आपलं शास्त्रीय संगीत ऐकलं असणार, पण ते मूळ बॅगपाइपमध्ये आहे. बाप स्कॉटिश, लंडनमध्ये पोलीस डिटेक्टिव्ह, घरात एकीकडे स्कॉटिश नाचाच्या रेकॉर्डी आणि दुसरीकडे जॅझ गिटारवाला जॅंगो राइनहार्ट. हे दोन्ही ऐकत मोठा झालेला पोरगा, मग काय होणार.

साठच्या दशकात इंग्लंडमधला बहुतेक गिटारवाला पोरगा अमेरिकन ब्लूजच्या मागे लागलेला असताना हा आणि ह्याची फेअरपोर्ट कन्व्हेन्शन ही टोळी उलट्या दिशेला गेली. १९६९ साली त्यांनी 'लीज अँड लीफ' काढला, त्यात शेकडो वर्षं जुन्या लोकगीतांना इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम. गायला सँडी डेनी, फिडलवर डेव्ह स्वॉर्ब्रिक. इंग्लिश फोक-रॉक म्हणतात ते बऱ्याच अंशी तिथून पुढचं. आणि तेव्हा हा सगळा जेमतेम वीस वर्षांचा.

असो. त्या दिवशी इंटरव्हलला कॉफीच्या लायनीत मला दुसरीच गंमत कळली. ह्या माणसाच्या कार्यक्रमाला आलेले लोक एकमेकांना नाव विचारत नाहीत, "तुम्ही पहिल्यांदा कधी?" एवढंच विचारतात, लग्नात मुलाकडचे का मुलीकडचे विचारतात ना, तसं. एक बाई अमेरिकेतून आलेल्या, त्यांनी १९८२ चा दौरा बघितलेला. तेव्हा रिचर्ड आणि बायको लिंडा ह्यांचं लग्न मोडलेलं, आणि 'शूट आउट द लाइट्स' नुकताच आलेला म्हणून दोघं रोज रात्री एकाच स्टेजवर. बाई म्हणाल्या, "आम्हाला काहीच माहीत नव्हतं गं, आम्हाला वाटलं किती सुंदर गातायत." दुसऱ्या एकाने हजार वर्षांचा कार्यक्रम बघितलेला. तो किस्सा मला फार आवडतो. १९९९ मध्ये प्लेबॉय मासिकाने बऱ्याच जणांना सहस्रकातली उत्तम गाणी विचारली, सगळ्यांनी पन्नास-साठ वर्षांतली सांगितली, ह्या पठ्ठ्याने शब्दशः हजार वर्षं धरून यादी केली. त्यांनी ती छापली नाही. मग ह्याने त्याचाच कार्यक्रम केला, तेराव्या शतकातल्या गाण्यापासून ते ब्रिटनी स्पिअर्सपर्यंत. ब्रिटनीच्या गाण्याला लोक आधी खो खो हसायचे म्हणे आणि अर्ध्यावर गप्प व्हायचे, कारण तो अजिबात चेष्टा करत नसायचा, नीट मन लावून गायचा.

आणि एक काका (आपले नाहीत, इंग्लिश) लेदर जॅकेट घालून एकटेच भिंतीला टेकून उभे. ते फक्त एका गाण्यासाठी आलेले. '१९५२ व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग', १९९१ च्या 'रूमर अँड साय' मधलं. गोष्ट साधी आहे, एक चोर पोरगा, त्याची मोटरसायकल, लाल केसांची मॉली, आणि मरताना तो गाडीची किल्ली तिच्या हातात देतो. पण त्या गृहस्थांना पोरगा आणि मॉलीशी घेणंदेणं नव्हतं, ते गाडीवर बोलत होते. स्टीव्हनेजच्या कारखान्यात त्या मॉडेलच्या तीसेकच गाड्या बनल्या, त्यांनी आयुष्यात एक बघितली, तीही काचेच्या पलीकडून. जुन्या गाड्या दुरुस्त करणारे होते, नखांत काळं. दुसऱ्या भागात जेव्हा त्याने ते गाणं घेतलं तेव्हा मी मुद्दाम मागे वळून बघितलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि मनगट हळूच मागे वळत होतं. थ्रॉटल! पूर्ण गाणंभर.

त्या गाण्याआधी तो सगळ्यात जाड तार 'ई' सुरावरून पार 'सी' पर्यंत उतरवतो आणि गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे पट्टीवर, कॅपो लावतो, सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. तार उतरवायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात तो बोलतो, आणि हे कुठल्याही रेकॉर्डवर कळत नाही की हा माणूस भयंकर विनोदी आहे. गाणी सगळी मरणाची, विरहाची, फसवणुकीची, आणि मधल्या वेळात हॉल हसून लोळतोय. स्वतःच्या रडकेपणाची त्याला पूर्ण कल्पना आहे, ऐंशीच्या दशकात फॅन लोकांसाठी एक कॅसेट काढली तिचं नावच त्याने 'डूम अँड ग्लूम फ्रॉम द टूम' ठेवलेलं, म्हणजे थडग्यातून आलेली उदासी. लहानपणी हा बोलताना अडखळायचा हे वाचल्यावर मला ते तार लावतानाचं बोलणं जरा वेगळं ऐकू यायला लागलं, पण ते जाऊ दे.

आता काकांची आठवण. काका १९७२ मध्ये इथे इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करायला आले. त्यांची ठरलेली गोष्ट अशी की एका पबच्या वरच्या मजल्यावर फोक क्लब, चाळीसेक माणसं, सिगरेटचा धूर, रिचर्ड आणि लिंडा हाताच्या अंतरावर, आणि "आम्ही दोघं अगदी पुढे बसलेलो." ही गोष्ट मी दहा वेळा ऐकलीय. अकराव्या वेळी मावशी तिथेच लसूण सोलत बसलेली. ती मान वर न करता म्हणाली, "आम्ही दोघं म्हणजे कोण? मी तेव्हा भारतात होते. आपलं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं."

काका एकदम गप्प. मग म्हणाले, "नाही गं, तू होतीस." मावशी म्हणाली, "मग माझ्या जागी कोण होतं ते तुम्हीच आठवा." आजतागायत आठवलेलं नाही, किंवा सांगत नाहीत. काकांचं म्हणणं असं की लग्नानंतर तिच्याबरोबर रिचर्ड-लिंडाची रेकॉर्ड इतक्या वेळा ऐकली की ती डोक्यात आपोआप त्या क्लबात जाऊन बसली. मला हे पटतं. मावशीला नाही.

आम्ही तिघं मिळून एकदा क्रॉप्रेडीला पण गेलो. ऑक्सफर्डशायरमधलं बॅनबरीजवळचं एवढंसं गाव, कालव्याकाठी, आणि ऑगस्टमध्ये तिथल्या शेतात फेअरपोर्टचा तीन दिवसांचा मेळा भरतो. एकच स्टेज, त्यामुळे पळापळ नाही, लोक सकाळी घडीच्या खुर्च्या मांडतात ते रात्री उठतात. काहीजण तर कालव्यातून बोटीने येतात. थॉम्प्सनने १९७१ च्या सुरवातीलाच बँड सोडला तरी तो अधूनमधून इथे पाहुणा म्हणून येतो आणि आम्ही गेलो त्या वर्षी आलेला. इलेक्ट्रिक गिटार घेऊन. अकूस्टिकवर जो माणूस शिंप्यासारखा टाके घालत बसतो तो इलेक्ट्रिकवर काचा फोडतो, सूर वाकवून वाकवून असा ताणतो की आता तुटणार, आणि चेहरा मात्र बँकेत पासबुक भरायला आल्यासारखा. मावशी कानात कापूस घालून हसत होती.

मेळ्याचा शेवट दरवर्षी 'मीट ऑन द लेज' ने होतो. हे गाणं त्याने वीस वर्षांचा व्हायच्या आतच लिहिलं, १९६८ मध्ये आलं. त्यानंतर काही महिन्यांनी, १२ मे १९६९ ला, बर्मिंगहॅमचा कार्यक्रम करून परतताना एम-वन रस्त्यावर त्यांची व्हॅन उलटली. ड्रमर मार्टिन लॅम्बल गेला, १९ वर्षांचा. थॉम्प्सनची मैत्रीण जीनी फ्रँकलिन गेली. म्हणजे गाणं आधीचं, पण गेलेल्या मित्रांना पुन्हा भेटण्याचंच आहे असं सगळे ऐकतात, आणि आता दुसऱ्या कुठल्या अर्थाने ऐकताच येत नाही. हजारो माणसं चिखलात उभी राहून गातात. आमच्या पुढच्या कुटुंबाने एक खुर्ची रिकामी ठेवलेली, तिच्यावर फक्त एक जुनी टोपी, आणि गाणं सुरू झालं तसा त्यातल्या मुलाने ती टोपी उचलून स्वतःच्या डोक्यावर घातली. मी विचारलं नाही. मावशीने कानातला कापूस काढला.

काका आता येत नाहीत. श्रवणयंत्रातून गिटार पत्र्यासारखी वाजते म्हणतात, त्यापेक्षा नको. मागच्या वेळी मी एकटीच गेले, ह्या वेळी वेळेवर पोचले, मागची सीट. माझ्या पुढच्या रांगेत बापाबरोबर आलेला एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा, आधी मोबाइलमध्ये डोकं खुपसून, आणि तिसऱ्या गाण्याला तो खुर्चीतून बाजूला वाकला, मग दुसऱ्या बाजूला, मग अर्धवट उठून विंगेत बघायला लागला. बापाने शर्ट धरून खाली बसवला.

इंटरव्हलला काकांना फोन लावला.

"काका, आज पण एकजण आहे. माझ्या पुढेच."

"शोधतोय?"

"अजून शोधतोय."

"सांगू नकोस हं त्याला," काका म्हणाले, आणि मग जरा थांबून, "लेदर जॅकेटवाला आलाय का बघ."