शेवटची रांग

चाळीस फुटी हाय क्यूब कंटेनर साधारण २६ टन माल पेलतो. टॉवेलनं तो गच्च भरला तरी दहा टनही होत नाहीत. टेरी टॉवेलमध्ये वजनाच्या आधी जागा संपते, त्यामुळे सोलापुरातून बाहेरदेशी जाणाऱ्या टॉवेलचा हिशोब सेंटिमीटरवर चालतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी निर्यातीचं बुकिंग आणि कागदपत्रं बघतो. श्रावणातल्या एका स्टफिंगला, म्हणजे कंटेनर भरताना, हा सेंटिमीटरचा हिशोब थेट एलसीपर्यंत (खरेदीदाराच्या बँकेनं पैसे देण्याच्या दिलेल्या हमीपत्रापर्यंत) गेला, त्याची ही हकीकत.

माल होता ७० बाय १४० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा (चौरस मीटरला ५०० ग्रॅम) बाथ टॉवेल. एक नग ४९० ग्रॅमचा. कार्टनमध्ये २४ नग, म्हणजे निव्वळ माल पावणेबारा किलो आणि पुठ्ठा-पिशवी धरून १२.९ किलो. रंग चार: आकाशी, फिकट पिवळा, राखाडी, पांढरा. प्रत्येकी १८६ कार्टन, एकूण ७४४ कार्टन, १७,८५६ नग. सौदा सीआयएफ हॅम्बुर्ग, म्हणजे हॅम्बुर्गपर्यंतचं भाडं आणि विमा आमच्याकडं, पैसे एलसीवर. (कंटेनरच्या मालाला सीआयएफऐवजी सीआयपी ही अट घ्यावी असं इन्कोटर्म्स (सौद्याच्या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) सांगतं, पण बँका आणि खरेदीदार अजून सीआयएफच लिहितात. त्यावर वाद घालून ऑर्डर मिळत नाही.)

७४४ हा आकडा ऑर्डरच्या वेळी खरेदीदाराच्या पॅकिंग मॅन्युअलवरून आला होता. कार्टनचं माप ५८ बाय ३८, उंची ४२. कंटेनर आतून १२०३ सेंटिमीटर लांब, २३५ रुंद, २६९ उंच. दाराची उंची मात्र २५८च. लॉजिस्टिक्सचा डिप्लोमा करून आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीनं आधी ७६ घनमीटरला एका कार्टनच्या ०.०९२६ नं भागलं आणि ८२० काढले. भागाकार बरोबर, पण कंटेनर म्हणजे पाण्याची टाकी नव्हे. माल रांगेनं बसतो. मग तिनं रांगा मांडल्या: रुंदीत ५८ च्या चार म्हणजे २३२, उंचीत सहा म्हणजे २५२, लांबीत ३८ च्या ३१ रांगा म्हणजे ११७८. चार सक चोवीस, गुणिले ३१, बरोबर ७४४. पुढं तिनंच शोधलं की ३० रांगा सरळ ठेवून शेवटची आडवी लावली, तर त्या एका रांगेत ३६ बसतात आणि आकडा ७५६ वर जातो. कागदावर ५ सेंटिमीटर उरत होते. मी तिला म्हटलं, कागद गुंडाळून ठेव आणि टेप बरोबर घे.

कंटेनर सकाळी आला. आधी तपासणी. एकानं आत उभं राहायचं, बाहेरून दोन्ही दारं लावायची आणि कुठून उजेड येतो का ते बघायचं. सुईएवढं भोक असलं तरी कंटेनर परत. दाराच्या रबरी पट्ट्या चिरलेल्या नाहीत ना, लाकडी तळ ओला नाही ना, आधीच्या मालाचा वास राहिला नाही ना. टॉवेल वास ओढून घेतो. तळ आमच्याकडे हाताच्या पालथ्या बाजूनं बघतात, कारण तळव्याला ओल लवकर कळत नाही. पावसाळ्यात न्हावा शेवाच्या यार्डातून आलेल्या रिकाम्या कंटेनरचा तळ वरून कोरडा आणि फटीत ओला असू शकतो. कापूस स्वतःच हवेतली साडेआठ टक्क्यांच्या आसपास ओल धरून असतो. समुद्रात रात्री पत्रा गार पडला की ती ओल छताला जमते आणि वरच्या थरावर ठिबकते. डिसेंबर २०२३ नंतर बऱ्याच जहाज कंपन्यांनी जहाजं तांबड्या समुद्राऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली आणि युरोपचा प्रवास लांबला. तेव्हापासून आम्ही ओल शोषणाऱ्या लटकत्या पिशव्या जास्त लावतो आणि वरच्या थरावर क्राफ्ट पेपर अंथरतो.

भरणं सुरू झालं. इथल्या बऱ्याच कारखान्यांत ट्रेलरच्या उंचीचा डॉक नसतो. ओटा, ओट्यावर फळी आणि हातोहात साखळी. पहिल्याच रांगेत चौथं कार्टन खांद्यानं रेटून बसवावं लागलं. रुंदीत तीनच सेंटिमीटर मोकळे होते, तेवढं अपेक्षितच होतं. दहा रांगा झाल्यावर मुलीनं टेप लावला. ३८० यायला हवे होते, आले ३९५.

फरक भरलेल्या कार्टनच्या पोटाचा. टॉवेल घडी घालून ३५ बाय साडेसतराचा होतो. असे तीन गठ्ठे शेजारी-शेजारी, प्रत्येकात आठ नग. घडीची कड गोल असते. ती दाबली की सपाट होते आणि सोडली की पुन्हा फुगते, त्यामुळे रुंद बाजू बाहेर येते. मॅन्युअलमधलं माप रिकाम्या खोक्याचं होतं. एका कार्टनमागे दीड सेंटिमीटर धरला तर ३१ रांगांना १२२४ लागतात, आणि जागा १२०३. तीस रांगा म्हणजे ११८५. उरणार १८ सेंटिमीटर, आणि ओट्यावर चोवीस कार्टन.

"सर, दाबून बसणार नाहीत?" तिनं विचारलं. मी मुकादमाकडं बघितलं.

"बसवतो की," अण्णा म्हणाले, "पण तिकडं दार उघडणाऱ्याच्या अंगावर येतील बघा."

बरोबरच होतं. दार मालावर रेटून लावलं की रबरी पट्टी नीट बसत नाही, पाणी शिरतं, आणि फुगलेलं दार टर्मिनलच्या गेटवर अडवतात. दाबून भरणं बाद. उरलेली चोवीस कार्टन, म्हणजे सव्वादोन घनमीटर, वेगळी एलसीएलनं (इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये) पाठवावी तर एलसीच्या ४३पी रकान्यात आंशिक शिपमेंटला मनाई. तोही रस्ता बंद.

राहिला कमी माल पाठवण्याचा पर्याय. ५७६ नग, म्हणजे ३.२ टक्के तूट. इथं मुलीला अभ्यासक्रम आठवला: यूसीपी ६०० च्या (एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) कलम ३० प्रमाणे प्रमाणात पाच टक्के कमी-जास्त चालतं. चालतं, पण एलसीत प्रमाण नगांत किंवा कार्टनांत दिलेलं नसेल तरच. किलो किंवा मीटर असतं तर सूट होती. आमच्या एलसीत ४५ए या मालाच्या वर्णनाच्या रकान्यात '१७,८५६ नग' असं लिहिलेलं, शिवाय रंगवार ४,४६४. मग तिनं ३९ए रकाना दाखवला, तिथं ०५/०५, म्हणजे पाच टक्के कमी-जास्त, होतं. ती सवलत रकमेची असते, नगांची नाही. हे दोन रकाने जुने लोकही एक धरून चालतात, आणि बँक डिस्क्रेपन्सी (कागदपत्रांतली विसंगती) काढते ती नेमकी इथं. त्याच कलमात आणखी एक पोटकलम आहे: आंशिक शिपमेंटला मनाई असली तरी रक्कम पाच टक्क्यांपर्यंत कमी चालते. पण त्यालाही अट आहे की एलसीत प्रमाण दिलं असेल तर माल पूर्ण गेलेला हवा.

म्हणजे एलसीत दुरुस्ती हवी होती. ती कंटेनर निघायच्या आत हातात हवी असं मात्र नाही. बँक कागदपत्रं तपासते ती सादर करतेवेळी एलसी जशी असेल तिच्यावर. शिपमेंटनंतर कागदपत्रांना २१ दिवस होते आणि एलसीची मुदत त्यापुढची. खरेदीदार तयार असेल तर माल पुढे जाऊ शकतो, दुरुस्ती मागून येते. मधल्या काळातली जोखीम आपली, म्हणून होकार ईमेलवर आणि नेमक्या शब्दांत घ्यायचा.

हॅम्बुर्ग उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आम्ही मेल पाठवला तेव्हा तिकडं ऑफिस नुकतं उघडलं असावं. तोपर्यंत भरणं थांबवता येत नव्हतं. बंदराच्या गेटची कट-ऑफ (कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ) दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, न्हावा शेवाचा रस्ता पावणेचारशे किलोमीटर, त्यात पुण्याची गर्दी आणि खंडाळ्याचा घाट.

पण पुढं काय भरायचं? रंगानं रंग भरत गेलो असतो तर चोवीसही कार्टन शेवटच्या पांढऱ्याचीच उरली असती. एकूण तूट सव्वातीन टक्के, पण पांढऱ्यात जवळपास तेरा. एलसीत रंग वेगळे लिहिलेले असल्यानं खरेदीदारानं सरसकट 'पाच टक्के कमी चालेल' असा होकार दिला असता, तरी पांढऱ्यात आम्ही अडकलोच असतो. चारही रंगांतून सहा-सहा काढणं देखणं होतं, पण आकाशी पार आतल्या टोकाला गाडला गेला होता.

मुलगी ओट्यावरच पेन्सिलनं आकडे मांडत बसली होती. म्हणाली, "सर, पिवळा पूर्ण जाऊ दे. राखाडी आणि पांढरा दोन्ही १६२-१६२ च भरू. दोन्हींची चोवीस-चोवीस बाहेर ठेवू." १८६ अधिक १८६ अधिक १६२ अधिक १६२, ६९६. बरोबर २९ रांगा. तिसावी रांग चोवीसची, ती राखाडी करायची की पांढरी हे उत्तर आल्यावर ठरवता येईल. काही उपसावं लागणार नाही आणि हमालही थांबणार नाहीत. मी अण्णांना हाक मारली आणि दोन ढीग वेगळे करायला सांगितले.

एकोणतिसावी रांग चालू असताना उत्तर आलं: तूट पांढऱ्यात नको, राखाडीत चालेल, एलसी दुरुस्त करून देतो, बँकेचा खर्च तुमच्याकडं. आम्ही परत लिहून शब्द पक्के करून घेतले: राखाडी ३,८८८ नग, बाकी तीन रंग प्रत्येकी ४,४६४, एकूण १७,२८०. 'पाच टक्के' हा शब्दच नको. शेवटच्या रांगेत पांढरं चढलं. तिथं सहावं कार्टन दाराच्या वरच्या पट्टीला घासतं, ते तिरकं करून घालावं लागतं. उरलेल्या १८ सेंटिमीटरमध्ये हवेच्या पिशव्या आणि मोडलेल्या कार्टनचा पुठ्ठा भरला आणि जाळी बांधली. लाकडी ठोकळे घातले असते तर आयएसपीएम १५ चा (कीड मारण्याची प्रक्रिया झाल्याचा) शिक्का असलेलंच लाकूड लागलं असतं.

कागदांचं पुढचं सोपं गेलं, कारण शिपिंग बिलाची (कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या घोषणेची) चेकलिस्ट तयार होती पण सबमिट केलेली नव्हती. ई-इन्व्हॉइसही दार लागेपर्यंत काढलं नव्हतं. चोवीस तासांत ते रद्द करता येतं हे खरं, पण त्याच्याबरोबर ई-वे बिल निघालेलं असलं की गुंता होतो. डावं दार लावलं, मोजणी पक्की केली, इन्व्हॉइस काढलं, मग सीएचएनं (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटनं) शिपिंग बिल भरलं. त्याचा नंबर आल्यावर उजवं दार लावून ई-सील ठोकलं आणि सीलचा, कंटेनरचा, गाडीचा नंबर भरून टाकला. विम्याचं सर्टिफिकेट नव्या रकमेच्या ११० टक्क्यांवर काढलं. शिपिंग बिलात ७४४ गेले असते तर लेट एक्स्पोर्ट ऑर्डरच्या (कस्टमच्या निर्यात परवानगीच्या) आत दुरुस्ती करून घ्यायला सीएचएची पळापळ झाली असती, आणि आरओएससीटीएलची (निर्यातीवर मिळणाऱ्या कर-परताव्याची) रक्कमही त्याच आकड्यावर निघाली असती.

वजनकाट्यावर भरलेली गाडी २७,२४० किलो, सकाळची रिकामी १७,९२०. नव्या माणसाचा हात व्हीजीएमसाठी (भरलेल्या कंटेनरच्या पडताळलेल्या वजनासाठी) हमखास पावतीवरचा पहिला आकडा उचलतो. माल ९,३२०, त्यात कंटेनरच्या दारावर लिहिलेलं त्याचं स्वतःचं वजन ३,८८० मिळवायचं: १३,२००. ट्रेलरचं वजन त्यात येत नाही. ७२० गुणिले १२.९ केलं तर ९,२८८ येतात. वरचे बत्तीस किलो कागद, पिशव्या आणि जाळीचे. असा ताळा जुळला की पॅकिंग लिस्टवर निर्धास्त सही करता येते.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. कार्टनवर छापलेलं होतं '१/७४४', '२/७४४'. हमाल काही क्रमानं भरत नाहीत, त्यामुळे ओट्यावर उरलेल्या राखाडी कार्टनांचे नंबर सलग नव्हते. मुलीनं ते एकेक वाचून लिहिले आणि पॅकिंग लिस्टच्या तळाशी टाकले: हे चोवीस नंबर पाठवलेले नाहीत. तिकडच्या गोदामात स्कॅनर चोवीस वेळा बोंबलला असता, ते टळलं.

एलसीची दुरुस्ती आली, मुदतीत कागदपत्रं गेली, बँकेनं डिस्क्रेपन्सी काढली नाही. भाडं कंटेनरमागे ठरलेलं असल्यानं नगामागे ते तीन टक्क्यांहून थोडं जास्त पडलं, ते कारखान्यानं सोसलं. आता प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्येच 'नगांत आणि रकमेत, रंगवार, पाच टक्के कमी-जास्त' असं लिहून जातं आणि खरेदीदाराला ते ४५ए मध्ये उतरवायला सांगितलं जातं. कार्टनवर एकूण आकडा छापत नाहीत. नवं कार्टन आलं की तशी दहा कार्टन भरून, एकावर एक सहा रचून रात्रभर ठेवतात आणि सकाळी टेप लावतात. राखाडी चोवीस कार्टन पुढच्या ऑर्डरमध्ये नवं स्टिकर लावून गेली.