फुगडीतून दोरीवर : आमची वाटचाल

लोक विचारतात मॅडम तुम्ही मल्लखांब कुठल्या संस्थेत शिकलात, आणि मी दरवेळी अडखळते, कारण माझं निम्मं शिक्षण तालमीच्या उंबऱ्याबाहेर झालंय. आजोबा साताऱ्याला तालमीत पोरांना शिकवायचे. मुलींनी आत यायचं नाही, मारुतीची जागा, विषय संपला. मग मी दाराशी बसायची. पोरं सागवानी खांबाला एरंडेल चोळून बगली, दसरंग मारायची ते बघत. आजोबांच्या बनियनला कायम एरंडेलाचा वास, आणि दुसऱ्या बाजीरावांच्या पदरच्या, मल्लखांब पुन्हा रुजवणाऱ्या बाळंभट्टदादा देवधरांचं नाव ते इतक्या जवळिकीनं घ्यायचे की मला बरीच वर्षं ते आमचेच कुणी चुलत आजोबा वाटायचे.

आजीचा कारभार वेगळा. श्रावणात मंगळागौर आली की साठीतली ही बाई झिम्मा, पिंगा, बसफुगडी सगळं खेळायची. मला फुगडी शिकवताना एकच ओरडा, "अगं मागं रेल! नुसती धरून काय ठेवतेस, भार टाक माझ्यावर." पाय जवळ, अंग मागं सोडलं की फुगडी फिरते, घाबरून सरळ उभी राहिलीस तर दोघी आपटता. तिनंच आजोबांच्या डोक्याशी भुणभुण करून माजघराच्या तुळईला सुती दोर बांधून घेतला. तिथं मी दोरीचा मल्लखांब शिकले, घरच्याघरी.

पुण्यात क्लास काढला तेव्हा हे सगळं मी लपवलं, अगदी खरं सांगते. पॅम्प्लेटवर 'फंक्शनल मूव्हमेंट स्टुडिओ' छापलं, फोटो नेटवरून घेतले. 3 जणी आल्या. त्यात पैसे वाचवायला हार्डवेअरच्या दुकानातून नायलॉनचा दोर आणला, पहिल्याच आठवड्यात एकीच्या मांडीला हा एवढा चट्टा, घसरताना चामडी भाजली. फी परत केली, घरी येऊन रडले. मग नीट 20 मिमीचा मऊ सुती दोर आणला, साडेपाच मीटर. तोच आधी आणायला हवा होता.

क्लासला खरं वळण लागलं ते एका बँकेतल्या ताईंमुळे. वय 38, दोरीवर चढल्या की दोन्ही हातांनी अशा घट्ट मिठी मारायच्या की मिनिटात हात भरून यायचे. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोर पकडायचा, भार तिथं द्यायचा, हे मी वीस वेळा सांगितलं असेल. शेवटी वैतागून त्यांना खाली उतरवलं आणि म्हटलं चला, फुगडी घालू. पहिल्या दोन फेऱ्या ताठ. तिसऱ्या फेरीला मान मागं गेली, हसायलाच लागल्या. परत दोरीवर गेल्या आणि वर जाऊन एक हात सोडला, स्वतःच्याच हाताकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून आमचं वॉर्मअप म्हणजे फुगडी. पॅम्प्लेटही बदललं, सरळ मराठीत.

लॉकडाऊनचं फार लिहीत नाही, हॉलचं भाडं अंगावर आलं एवढंच. आता दोरीच्या 4 बॅच आहेत, आणि जूनपासून मंगळागौरीच्या ग्रुप्सचे फोन सुरू होतात, वर्षाचं भाडं खरं तर तिथूनच निघतं. मल्लखांबवाले यावर नाक मुरडतात, मुरडू देत.

2019 च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली ती बघायला गेले होते. परदेशी पोरी काय कमाल करत होत्या! तिथूनच आजोबांना फोन लावला. त्यांचा एकच प्रश्न, "दोराला गाठ मारत नाहीत ना?"

गेल्या वर्षी नव्या हॉलमध्ये सागवानी खांब रोवला. आजोबा आता नव्वदीला टेकलेत, तरी गाडीनं आले. आत 12 मुली, खांबाला तेल लावणं चाललेलं. चप्पल काढून आजोबा दाराशीच बसले. म्हटलं आत या की, खुर्ची ठेवलीय. म्हणाले राहू दे, इथनं नीट दिसतंय. आणि पाचच मिनिटांत आवाज सुरू, "ए पोरी, तेल जास्त झालंय, पूस ते!"