शब्बाथची प्रार्थना ऑनलाइन का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आम्ही काही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी बायका झूमवर कीर्तन ठेवतो, मलिदा हा आमचा नैवेद्य शिकवतो, हे कळलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: "मग शब्बाथची प्रार्थनाही झूमवरच का नाही घेत? तुमचे निम्मे लोक तर इस्राएलमध्येच आहेत." निम्मे कसले, त्याहून कितीतरी जास्त. 2011च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून पाच हजारही यहुदी नव्हते.

धर्माच्या बाजूने उत्तर सोपं आहे. शब्बाथ म्हणजे आमचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्र पडेपर्यंत फोन, कॅमेरा, दिव्याचं बटण, कशालाही हात लावायचा नाही. शिवाय कद्दीश ही प्रार्थना म्हणायला आणि सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, काढून वाचायला मिन्यान लागतं, म्हणजे दहा प्रौढ पुरुष, एका जागी, सदेह. अमेरिकेतली बरीच सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिरं, प्रार्थना ऑनलाइन थेट दाखवतात. 2020च्या कोविडकाळात, पेसाहच्या सणाला, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांसाठी इस्राएलमधल्या काही रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, व्हिडिओवरून सेदेरला, त्या सणाच्या रात्रीच्या विधिवत जेवणाला, मुभा दिली होती, इतर रब्बींनी लगेच विरोध केला. ज्यांनी ती वाट धरली त्यांना मी नावं ठेवत नाही. आमची सिनेगॉग मात्र जुन्या सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या यहुद्यांच्या, रिवाजाने चालतात, आणि तिथे हे बसत नाही.

पण उद्या कोणी परवानगी दिली तरी मी नको म्हणेन. मी बाई, त्या दहांत माझी मोजणी नाही, आणि ते मला खटकतं. तरीही त्या दहाच्या आकड्याने आमच्या समाजाला धरून ठेवलंय हे मी डोळ्यांनी पाहते. शुक्रवारी दुपारपासून फोनाफोनी सुरू होते. नऊ झाले, एक कमी आहे, मुलुंडहून कोणी येतंय का? तो दहावा येतो तो नुसता आकडा म्हणून येत नाही. प्रार्थना झाल्यावर किद्दूशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाला, थांबतो. आमच्याकडे किद्दूश काळ्या मनुकांच्या सरबतावर होतो, मनुका भिजवून, कुस्करून, गाळून घरीच केलेल्या. ते पिता पिता कळतं की त्याच्या आईला पडल्यापासून चालता येत नाही, आणि रविवारी कोणी ना कोणी डबा घेऊन तिच्याकडे जातं. घरबसल्या प्रार्थना मिळाली असती तर त्याला बोलावलं कोणी असतं? कोकणात, जिथे आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली म्हणवले गेले, तिथल्या कित्येक सिनेगॉगमध्ये आज दहा पुरुष जमवणं अवघड झालंय. ठाण्याचं 1879चं शआर हशामायिम असो की मुंबईचं 1796चं शआरे रहामीम, भिंती जुन्या आहेत म्हणून ती सिनेगॉग राहत नाहीत. माणसं येतात म्हणून राहतात.

ऑनलाइनचं खरं काम वेगळं आहे, आणि त्यासाठी मी रात्री जागते.

कीर्तन घ्या. एकोणिसाव्या शतकात आमच्या लोकांनी मराठी कीर्तनाचा साज घेऊन त्यात अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं बसवली. साकी, दिंडी, ओवी, सगळं मराठी. ती पदं पाठ असलेल्या आज्या आता काही इथे, काही इस्राएलमधल्या अश्दोद, लोद, दिमोनात. एकीला पूर्वरंग आठवतो, दुसरीला मधलं पद. झूमवर त्या एकमेकींना जोड देतात आणि आख्यान पुन्हा उभं राहतं. दोघी एकदम गायला लागल्या की आवाज मागेपुढे होतात, म्हणून एकीने गायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून साथ करायची. मी सगळं रेकॉर्ड करते. नातवंडं हिब्रूच बोलतात, पण ध्रुपद आलं की म्हणू लागतात.

वेळ मात्र रविवारी रात्रीचीच. आपला शब्बाथ संपतो तेव्हा इस्राएलमधला संपायला अजून दोन-तीन तास असतात, म्हणून शनिवार बाद. आणि तिथे रविवार कामाचा दिवस, म्हणून लोक घरी पोचून जेवेपर्यंत थांबायचं.

मलिद्याची बैठकही चांगली रंगते. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, वर फळं, आणि मग एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. प्रत्येक पदार्थावरची बराखा, म्हणजे आशीर्वचन, मी सावकाश म्हणून दाखवते. परदेशात वाढलेल्या सुनांना तीच हवी असते. झूमवर ताट ज्याचं त्याच्या घरी, वास ज्याचा त्याच्या स्वयंपाकघरात. शिकायला तेवढं पुरतं.

यहुदी नसलेल्या मंडळींनी कीर्तनाला यावं का, असंही विचारतात. जरूर या, मराठी कळतं तेवढं पुरे. सिनेगॉग बघायचं असेल तर मात्र आधी कळवा आणि ओळखपत्र जवळ ठेवा. नोव्हेंबर 2008मध्ये मुंबईतल्या नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर दहशतवादी हल्ला झाल्यापासून दारावर पहारा असतो. आत आलात की डोकं झाका. टोपी नसेल तर रुमाल चालतो.